निराधारचा ‘पगार’ कुणाला मिळतो? संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनेचा अर्ज कसा करायचा

गावात याला कुणी अनुदान म्हणत नाही. ‘पगार’ म्हणतात. ‘म्हातारीचा पगार झाला का?’, ‘यंदा विधवेचा पगार सुरू झाला म्हणे.’ तहसील कार्यालयाच्या फलकावर मात्र विशेष सहाय्य योजना असं लिहिलेलं असतं आणि त्याखाली चार-पाच लांबलचक नावं. दारात आलेल्या माणसाला आपलं नाव कुठलं हेच कळत नाही. ओळखीच्या आणि अनोळखी बायाबापड्यांचे अर्ज भरून देण्याचं काम मी काही वर्षं करते आहे. हक्क असूनही पगार अडलेली माणसं मला त्यात फार भेटली. बहुतेकांच्या कागदांवर नाव, वय आणि उत्पन्न वेगवेगळं लिहिलेलं होतं, नाहीतर अर्जच चुकीच्या योजनेत गेला होता. म्हणून आधी आपली योजना कोणती ते पाहू, कागद त्यानंतर.

आपली योजना कोणती?

महाराष्ट्रात राज्य सरकारच्या दोन मुख्य योजना आहेत आणि दोन्ही सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाकडे येतात. वय ६५ पेक्षा कमी असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना. ही १९८० पासून चालू आहे. वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. दोन्हींत महिन्याला १५०० रुपये मिळतात. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून २५०० झाली आहे.

श्रावणबाळमध्ये वय आणि गरिबी या दोनच गोष्टी मुख्यतः पाहतात. संजय गांधी योजनेत नुसती गरिबी पुरत नाही, निराधार असण्याचं कारणही दाखवावं लागतं. विधवा, घटस्फोट होऊनही पोटगी न मिळणारी किंवा घटस्फोटाचा दावा चालू असलेली बाई, नवऱ्याने टाकलेली, अत्याचारित, देवदासी, वेश्याव्यवसायातून सुटका झालेली, पस्तिशी ओलांडलेली अविवाहित निराधार स्त्री, शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नी, तृतीयपंथी व्यक्ती, अनाथ मुलं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचं कुटुंब हे सगळे यात येतात. ज्यांना ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व आहे तेही येतात. क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एचआयव्ही, कुष्ठरोग, सिकलसेल अशा आजारांमुळे ज्यांना पोट भरता येत नाही त्यांचाही हक्क आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. घरातला माणूस कर्करोगाने अंथरुणाला खिळलाय, उपचारासाठी शेत विकलंय, आणि ही योजना आपल्यासाठी आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, असं मी पाहिलंय.

अर्जदार किमान १५ वर्षं महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो.

केंद्र सरकारच्याही योजना आहेत. राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम १९९५ साली सुरू झाला आणि इंदिरा गांधी वृद्धापकाळ, विधवा आणि दिव्यांग निवृत्तीवेतन या आज त्याखाली येतात. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असलेल्यांनाच त्या लागू होतात. विधवांसाठी वय ४० ते ७९ आणि दिव्यांगांसाठी ८० टक्के अपंगत्व अशी अट आहे. या दोन्हींत केंद्राचा वाटा ३०० रुपये असतो. इथे एक गैरसमज नेहमी होतो. केंद्राचा एक आणि राज्याचा एक असे दोन पगार मिळत नाहीत. केंद्राचा वाटा धरून उरलेली रक्कम राज्य घालतं आणि एकूण बेरीज तीच राहते. खात्यात पैसे कधी दोन तुकड्यांत, वेगवेगळ्या दिवशी येतात. एकच तुकडा पाहून ‘माझा पगार कापला’ म्हणत लोक तहसीलला धावतात. आधी पासबुक भरून दोन्ही नोंदी पाहा.

आणखी एक मदत आहे, ती महिन्याची नाही, एकदाच मिळते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला, मग मरण नैसर्गिक असो वा अपघाती, तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेतून कुटुंबाला एकरकमी २०,००० रुपये मिळतात. दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच आठवण करून द्यावी.

एकवीस हजारांची अट

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते इथे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं किंवा दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव हवं. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे. एकवीस हजार म्हणजे महिन्याला १७५०. एवढ्यात आज एका माणसाचंही भागत नाही. पगाराची रक्कम ६०० वरून १०००, मग १५०० झाली. ही मर्यादा मात्र तिथेच राहिली. माझ्या मते ती बदलायलाच हवी. पण आज अर्ज करणाऱ्याला तिच्याच आत बसावं लागतं, म्हणून ती नीट समजून घ्या.

‘यादीत नाव’ याचा अर्थ पिवळं रेशनकार्ड असा नाही. यादी म्हणजे सर्वेक्षणाची दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची यादी. गावांत ती बहुतेक २००२ च्या सर्वेक्षणाची असते. तिचा अनुक्रमांकासह उतारा ग्रामपंचायतीतून घ्यावा लागतो. पिवळं कार्ड आहे पण यादीत नाव नाही, आणि यादीत नाव आहे पण कार्ड केशरी, असे दोन्ही प्रकार भेटतात. यादीत नाव असेल तर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी धावपळ करावी लागत नाही. म्हणून सगळ्यात आधी ग्रामपंचायतीत जाऊन यादी पाहा. कधीकधी नाव सासऱ्याच्या किंवा दिराच्या कुटुंबात असतं आणि बाईला त्याचा पत्ताच नसतो.

नाव नसेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो. अर्ज सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून होतो आणि त्याला तलाठ्याचा अहवाल जोडतात. तलाठ्याचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, तरी गावात सगळे तलाठीच म्हणतात. तलाठी पाहतो ती जमीन, मजुरी आणि रेशनकार्डावरची नावं. त्याच कार्डावर कमावत्या मुलाचं नाव असेल तर त्याची कमाई कुटुंबाच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते. मुलगा खरोखरच वेगळा राहत असेल, चूल वेगळी असेल, तर आधी रेशनकार्ड विभक्त करून घ्या आणि मग दाखल्याला जा. हा क्रम उलटा झाला की दाखल्यावर मोठा आकडा येतो आणि तो बदलून घेताना वर्ष जातं. मुलगा घरातच राहतोय आणि कागदापुरता वेगळा दाखवलाय, असं मात्र करू नका. चौकशीत उघड झालं तर अर्ज जातोच, घेतलेले पैसेही परत मागितले जाऊ शकतात.

बायका मला विचारतात, ‘मजुरी सांगू का, नको?’ खरी सांगा. वर्षातून किती दिवस काम मिळतं, कुठल्या महिन्यात हात रिकामे असतात, दुखण्याचे दिवस किती, हे सगळं सांगा. रोजच्या मजुरीला ३६५ ने गुणून कुणाचंच उत्पन्न ठरत नसतं.

कागद कोणते, आणि ते एकमेकांशी जुळतात का

वयासाठी जन्मनोंदीचा उतारा किंवा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. म्हाताऱ्या माणसांकडे हे दोन्ही नसतं. तेव्हा मतदार यादीतल्या किंवा रेशनकार्डावरच्या वयाचा उतारा चालतो. तेही नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडून किंवा त्यांच्यावरच्या सरकारी डॉक्टरांकडून वयाचा दाखला मिळतो. ‘शाळेचा दाखला नाही म्हणजे अर्जच नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकून परत फिरू नका.

याशिवाय रहिवासी दाखला, आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक आणि फोटो. विधवेसाठी नवऱ्याचा मृत्यू दाखला. दिव्यांगांसाठी सरकारी अपंगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड. आजारपणाच्या कारणासाठी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला लागतो. खासगी डॉक्टरांची फाइल कितीही जाड असली तरी ती एकटी पुरत नाही. घटस्फोटितेला कोर्टाचा आदेश जोडावा लागतो. टाकून दिलेल्या बाईकडे असा कुठलाच कागद नसतो. तिची परिस्थिती गावातल्या चौकशीवरून ठरते, म्हणून चौकशीच्या दिवशी तिने घरी असणं आणि शेजारच्या दोघा-तिघांनी खरं सांगणं फार महत्त्वाचं.

आता हे सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडा आणि फक्त नाव वाचत जा. आधारवर ‘सखुबाई’, रेशनकार्डावर ‘सखू’, पासबुकात ‘सुकुबाई’. नवऱ्याच्या मृत्यू दाखल्यावर त्याचं घरातलं लाडाचं नाव. जन्मसाल आधारवर एक आणि मतदार कार्डावर दुसरं, त्यात अर्जदार एका कागदाप्रमाणे ६६ ची आणि दुसऱ्याप्रमाणे ६१ ची. असा अर्ज समितीपुढे गेला की ‘त्रुटी’ असा शेरा पडून परत येतो. त्यामुळे अर्जाआधी हाच एक दिवस नीट खर्च करा. आधारची दुरुस्ती आधार केंद्रात होते, आणि आधार दुरुस्त झालं की त्यावरून बँकेतलं नाव बदलता येतं. मृत्यू दाखल्यातली चूक जिथे मृत्यूची नोंद झाली त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत दुरुस्त होते. मृत्यूची नोंदच केली नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्याला वेळ जातो, म्हणून ते काम सगळ्यात आधी हाती घ्या.

अर्ज कुठे जातो आणि पुढे काय होतं

अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत द्यायचा असतो. काही मोठ्या शहरांत यासाठी वेगळं कार्यालय आहे. सेवा केंद्रातूनही अर्ज भरता येतो. अर्ज दिला की शिक्का आणि तारीख असलेली पोचपावती मागून घ्या. पावती नसेल तर सहा महिन्यांनी तुम्ही अर्ज केला होता हेच सिद्ध करता येत नाही.

पुढे तलाठी चौकशी करतो आणि अर्ज तालुका समितीच्या बैठकीत ठेवला जातो. तहसीलदार या समितीचे सदस्य सचिव असतात. बैठक लांबली की सगळेच अर्ज लांबतात, त्यात तुमच्या कागदांचा दोष नसतो. मंजूर झाला तर मंजुरीचा आदेश निघतो, नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. तोंडी ‘तुमचं बसत नाही’ हे उत्तर पुरेसं मानू नका. लेखी मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून विचारा, ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर कोणता निर्णय झाला आणि कोणत्या कारणाने?’ ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला त्यासाठी शुल्कही नाही. कारण कळलं की तेवढीच उणीव भरून पुन्हा अर्ज करता येतो.

मंजुरी मिळवून देतो म्हणून पहिल्या दोन महिन्यांचा पगार मागणारे लोक प्रत्येक तालुक्यात फिरत असतात. सेवा केंद्राच्या ठरलेल्या शुल्कापलीकडे कुणाला एक रुपयाही द्यायची गरज नाही.

मंजूर झालंय, पण खात्यात काहीच नाही

पैसे आता थेट आधारला जोडलेल्या खात्यात येतात. यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि बँकेतही त्यांची गल्लत होते. बँकेने तुमचा आधार क्रमांक केवायसीसाठी नोंदवणं ही एक गोष्ट. सरकारी पैसे ज्या खात्यात यायचे ते खातं आधारशी जोडणं, म्हणजे सीडिंग, ही दुसरी. सीडिंग एका वेळी एकाच बँकेत असतं. बाईने अर्जात जिल्हा बँकेचं पासबुक दिलेलं असतं, पण मधे कधीतरी गॅसच्या सबसिडीसाठी किंवा कुणा एजंटाच्या सांगण्यावरून दुसऱ्याच बँकेत खातं उघडून तिथे सीडिंग झालेलं असतं. पगार येतो, पण तो त्या विसरलेल्या खात्यात साठत राहतो. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहता येतं, सेवा केंद्रातही कुणी पाहून देईल. पैसे आले नाहीत तर तहसीलला जाण्याआधी हे पाहा.

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पगार थांबतो. माणूस अंथरुणावर असेल तर तलाठ्याला आधीच सांगून ठेवा.

लाडकी बहीण आणि पासष्टावं वर्ष

मुख्यमंत्री लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या बायका येतात. पण दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १५०० किंवा जास्त मिळत असतील तर तिचा लाभ मिळत नाही. म्हणजे निराधारचा पगार आणि लाडकी बहीण हे दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. विधवा बाई लाडकी बहीण घेत असेल तर ती म्हणते, पैसे तेवढेच आहेत, मग कशाला बदलू? फरक दिसतो पासष्टीनंतर. तेव्हा लाडकी बहीण बंद होते. संजय गांधी योजनेतली लाभार्थी श्रावणबाळकडे वर्ग होते; लाडकी बहीणवाल्या बाईला मात्र श्रावणबाळसाठी पहिल्यापासून अर्ज करावा लागतो, आणि तिथे अट अडीच लाखांची नसून एकवीस हजारांची आहे. घरात कुणी बासष्ट-त्रेसष्टची बाई असेल तर तिच्या वयाचा पुरावा, रेशनकार्ड आणि यादीतला उतारा आत्ताच काढून एका पिशवीत ठेवा.