दोन सारखे दिसणारे बेज भिंतीवर गेल्यावर वेगळे का वाटतात

शेड कार्डवर चार-पाच बेज, म्हणजे फिकट मातकट-पिवळसर रंग, शेजारी शेजारी असतात आणि सगळे एकच वाटतात, मग घरातलं कुणीतरी म्हणतं की काय फरक पडतो, घ्या कुठलाही. फरक पडतो आणि चांगलाच पडतो. दुकानात टिंटिंग मशीनखाली जो डबा ठेवतात त्यात आधीच पांढरा बेस असतो, तो पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा, आणि त्यात बेजसाठी साधारण यलो ऑक्साइड, रेड ऑक्साइड आणि काळा असे रंग अगदी थोडे थोडे सोडतात. पिवळं जास्त झालं की बेज क्रीमकडे जातो, तांबडं जास्त झालं की गुलाबीकडे, आणि पिवळ्यासोबत काळं वाढलं की हिरवट छटा येते. ही छटा एकटा कागद बघून कळत नाही, कारण आपला मेंदू फिकट रंगाला पटकन "पांढरटच आहे" म्हणून सोडून देतो. कार्ड साध्या पांढऱ्या प्रिंटिंगच्या कागदावर ठेवून बघा, कुठला गुलाबी आणि कुठला हिरवट ते लगेच दिसतं.

आता कार्डवर हलका वाटलेला रंग खोलीत एकदम गडद, पिवळा का होतो? पेंटर चुकला असं लोकांना वाटतं, पण हे भिंतींचं काम आहे. समजा एखादा बेज त्याच्यावर पडलेल्या लाल प्रकाशातला ८० टक्के आणि निळ्यातला ६० टक्के परत फेकतो. कार्ड बघताना प्रकाश त्यावर एकदाच आपटून डोळ्यात येतो, म्हणजे प्रमाण ८० ला ६०. पण खोलीत तोच प्रकाश समोरच्या भिंतीवरून या भिंतीवर येतो आणि मग आपल्याकडे, दोनदा आपटला की ६४ ला ३६. लालच्या तुलनेत निळा पाऊण होता तो निम्म्याच्या जरा वर राहिला, म्हणजे रंग जास्त पिवळा आणि जास्त दाट. खोली लहान असेल आणि चारही भिंती त्याच रंगाच्या असतील तर हे जास्त जाणवतं. म्हणून मला तर वाटतं की दोन बेजमध्ये अडकलात तर सरळ फिकट आणि थोडा राखाडीकडे जाणारा घ्यावा.

मग प्रकाश. आपल्याकडे बऱ्याच घरात ६५०० केल्व्हिनची पांढरी ट्यूब असते (केल्व्हिनचा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर, जितका लहान तितका पिवळट), तिच्यात निळा भाग जास्त, त्यामुळे गुलाबी छटेचा बेज फिका पडतो आणि हिरवट बेज आणखी आजारी दिसतो, तोच २७०० किंवा ३००० केल्व्हिनच्या वॉर्म एलईडीखाली उबदार वाटतो. खिडकीची दिशाही बघायला हवी, पण परदेशी सल्ले जसेच्या तसे घेऊ नका. उत्तरेच्या खोलीत कधीच ऊन येत नाही हे युरोपातल्या हिवाळ्याला धरून ठीक आहे, मुंबईत मात्र साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्यच डोक्याच्या उत्तरेला असतो. आणि खिडकीबाहेर मोठं झाड असेल तर पानांवरून येणारा हिरवा उजेडही भिंतीवर उतरतो, हे तर कुणी लक्षातच घेत नाही.

शेजारच्या रंगाचाही परिणाम होतो. पॅरिसच्या गोबेलँ या चित्रांचे गालिचे विणणाऱ्या कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती, रसायनतज्ज्ञ शेव्रल यांनी तपासलं तर रंगवण्यात खोट नव्हती, बाजूच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता, आणि त्यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथच लिहिला. म्हणूनच जुन्या निळ्या भिंतीवर मधेच चौकोन मारून बेज ठरवणं मला अजिबात पटत नाही, निळ्याच्या शेजारी तो आहे त्याहून केशरी दिसणारच! त्यापेक्षा मोठ्या ड्रॉइंग पेपरवर दोन हात मारा, कडेने पांढरी पट्टी सोडा, पूर्ण वाळू द्या कारण इमल्शन ओलं असताना बहुतेक वेळा फिकट दिसतं, आणि तो कागद वेगवेगळ्या भिंतींवर लावून सकाळी आणि रात्री ट्यूब लावून बघा. टाइल्स, दरवाजा आणि सोफ्याजवळ तर नक्कीच धरा, ते काही बदलणार नसतात.

अजून एक, आवडलेला शेड दुसऱ्या कंपनीत "मॅच" करून घेताना जपून. दोन रंग वेगवेगळ्या पिगमेंटचे असले तरी दुकानातल्या उजेडात हुबेहूब जुळू शकतात, कारण डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या आणि त्या तिघींना सारखाच सिग्नल मिळाला की मेंदूला रंग एकच. प्रकाश बदलला की तो सिग्नल वेगळा होतो आणि भिंतीवर ठिगळ दिसायला लागतं, याला मेटॅमेरिझम म्हणतात. त्यामुळे एका खोलीचा सगळा रंग एकदमच घ्या, डबे जास्त असतील तर पेंटरला एका मोठ्या बादलीत एकत्र करायला सांगा, आणि थोडा उरला तर टचअपसाठी झाकण घट्ट लावून ठेवा, डब्यावर शेडचा नंबर आणि बॅच लिहून.