श्रवणऱ्हास आणि स्मरणशक्ती

ऐकू येणे कमी झाल्यामुळे गोष्टी लक्षात राहण्यावर होणारा परिणाम. घरात ज्याला ‘आजोबांचा विसराळूपणा’ म्हणतात, त्यातला काही भाग प्रत्यक्षात कानाचा असतो. शब्द नीट कानी पडलाच नाही, तर तो आठवणार कुठून?

प्रत्येक अंतर्कर्णात जन्मतः ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५,००० केशपेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. उतारवयात उच्च कंप्रतेचे ध्वनी आधी हरवतात. स, त, फ ही व्यंजने पुसट होतात, स्वर मात्र शाबूत राहतात. त्यामुळे ‘सातला ये’ हे ‘आठला ये’ असे ऐकू येते आणि ‘आवाज येतो, पण बोलणं कळत नाही’ ही तक्रार सुरू होते. तुटक शब्द संदर्भाने जुळवताना मेंदू इतका गुंततो की साठवणीला ताकद उरत नाही. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक रॅबिट यांनी १९६८ मध्ये हे प्रयोगाने दाखवले : यादीचा उत्तरार्ध गोंगाटात ऐकवला, तर आधी स्वच्छ ऐकलेला पूर्वार्धही लोकांना कमी आठवला. शिवाय ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्पांतून उठून जातो, एकटा पडतो. हे नुकसान वेगळेच.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने श्रवणऱ्हास हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या १४ घटकांत धरला आहे. श्रवणयंत्राने ही घसरण थांबते का? अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षे चाललेल्या चाचणीत (२०२३) सरसकट फरक दिसला नाही. ज्यांना मुळात धोका जास्त होता, त्या गटात मात्र बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे यंत्र गेलेली स्मृती परत आणत नाही, पण ऐकण्याचे ओझे नक्की हलके करते.

आधी कानात मळ साचला आहे का ते पाहावे, मग ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) करून घ्यावी. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्थेत ही सोय आहे. श्रवणयंत्र या चाचणीच्या आलेखानुसार जुळवून घ्यावे लागते. केवळ आवाज वाढवणारे आयते उपकरण पुरत नाही. सुरुवातीला भांड्यांचा खणखणाट आणि पंख्याची घरघर असह्य वाटते आणि नेमक्या याच काळात बरीच यंत्रे कपाटात जातात. रोज थोडा थोडा वेळ वाढवत वापरले, तर काही आठवड्यांत मेंदू त्या आवाजांना पुन्हा सरावतो.