स्मार्ट आरशाला विश्रांती नको, रिस्टार्ट हवा

घरी स्मार्ट आरसा बसवलेल्यांकडून एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो: रात्री टायमर प्लगने बंद करून टाका, मशीनला तेवढीच विश्रांती. सकाळी आरसा पुन्हा सुरळीत चालू होतो, त्यामुळे सल्ला पटतोही. पण प्रोसेसर थकत नाही. तो तापतो, आणि फार तापला तर स्वतःचा वेग कमी करतो. अशा आरशांमागे सहसा असणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरमध्ये (पुढे नुसता 'पाय') हे ८० अंश सेल्सियसच्या आसपास सुरू होतं. महिनाभर अखंड चालल्यामुळे त्याला शीण येत नाही. सहा तास बंद ठेवून जे सुधारतं, तेच मिनिटभराच्या रिस्टार्टनेही सुधारतं. म्हणजे गुण विश्रांतीचा नाही.

आधी आरशाची रचना बघू. पुढे अर्धपारदर्शक आरसा, त्यामागे मॉनिटर, मॉनिटरच्या पाठीला छोटा कॉम्प्युटर. पडदा काळा असेल तिथे आपला चेहरा दिसतो, पांढरी अक्षरं असतील तिथे अक्षरं दिसतात. घरी आरसा बनवणाऱ्यांपैकी बरेच जण मॅजिकमिरर हे मुक्त सॉफ्टवेअर वापरतात. नेदरलँड्सच्या मायकेल टेऊ यांनी २०१४ साली सुरू केलेला हा प्रकल्प. त्याच्या पोटात क्रोमियम ब्राउझर असतो, म्हणजे आरशातलं घड्याळ, हवामान, कॅलेंडर हे सगळं मिळून एक वेबपेज. आपण ब्राउझरचा टॅब थोड्या वेळाने बंद करतो. आरशातला टॅब मात्र महिनोन्महिने उघडाच राहतो, आणि वेबपेज लिहिणाऱ्या फार थोड्या लोकांनी आपलं पान इतका काळ चालवून पाहिलेलं असतं.

वेबपेजमागचा प्रोग्राम जावास्क्रिप्टमध्ये असतो. या भाषेत मेमरी मागायची, पण परत करायचं काम आपण करायचं नाही. ते काम गार्बेज कलेक्टर नावाची यंत्रणा करते. आता तिची अडचण पाहा. मेमरीत पडलेली एखादी वस्तू प्रोग्रामला पुढे पुन्हा लागेल का, हे तिला ठरवायचं आहे. याचं अचूक उत्तर प्रत्येक प्रोग्रामसाठी काढून देईल अशी पद्धत असूच शकत नाही. ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ सालच्या शोधनिबंधातून निघालेलाच हा निष्कर्ष आहे. म्हणून कलेक्टर त्याऐवजी एक सोपा प्रश्न विचारतो: या वस्तूपर्यंत कुठून तरी पोहोचता येतं का? तो काही ठरावीक मुळांपासून निघतो, म्हणजे सध्या चालू असलेली फंक्शन्स, प्रोग्राममध्ये कुठूनही वापरता येणारे जागतिक चल, उघडं पान. मुळाने ज्या वस्तू धरल्या आहेत त्यांच्यावर खूण, त्या वस्तूंनी ज्या धरल्या आहेत त्यांच्यावर खूण, असं करत टोकापर्यंत जातो. खूण नसलेलं सगळं झाडून टाकतो. रद्दी काढताना प्रत्येक वस्तू उचलून 'हे कुणाचं?' असं विचारावं आणि कुणी 'माझं' म्हणालं की ती ठेवून द्यावी, तसं हे चालतं. वस्तू कामाची आहे का, हा प्रश्न येतच नाही.

मेमरीची गळती इथेच होते. समजा हवामानाचं मॉड्यूल, म्हणजे आरशाचा हवामान दाखवणारा भाग, दर दहा मिनिटांनी नवा अंदाज आणतं, त्यासाठी नवा चौकोन तयार करतं आणि जुना पानावरून काढून टाकतं. प्रत्येक नव्या चौकोनासोबत ते एक लिसनरही, म्हणजे अमुक घडलं की तमुक कर अशी सूचना, नोंदवतं: रात्र झाली की रंग मंद कर. जुना चौकोन काढताना त्याचा लिसनर काढायचा राहून जातो. लिसनरची यादी मुळाला बांधलेली, यादीने लिसनर धरलेला, लिसनरने जुना चौकोन धरलेला, आणि चौकोनाने त्यातली चित्रं आणि सात दिवसांचा अंदाज. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण कलेक्टर तिथपर्यंत पोहोचतो आणि इमानदारीने खूण करतो. दर खेपेला २०० किलोबाइट अडकले असं धरू. दिवसाला १४४ खेपा, म्हणजे २८ मेगाबाइटच्या थोडं वर. एक गीगाबाइट मेमरीच्या पायवर ४०० मेगाबाइट मोकळे असतील, तर चौदाव्या दिवशी संपले. चूक एका ओळीची, आणि तपासायला बसलेल्या माणसाला दोन तासांत ती दिसणारही नाही.

मेमरी संपत आली की पायची ऑपरेटिंग सिस्टीम, लिनक्स, काही भाग मेमरी कार्डावर हलवू लागतं. कार्ड मेमरीच्या मानाने फारच संथ, त्यामुळे आरशातलं घड्याळ अडखळतं: ७:४२ वर थांबतं आणि एकदम ७:४४ होतं. त्यानंतरही जागा कमी पडली तर लिनक्सचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, हिशेब मांडून एखादा प्रोग्राम मारून टाकतो. या हिशेबात सर्वांत जास्त मेमरी खाणारा वर येतो, आणि आपल्याकडे तो म्हणजे आरसा दाखवणारा ब्राउझर. पडदा काळा होतो. काळा पडदा म्हणजे साधा आरसा, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात यायलाही वेळ लागतो.

'मेमरी साफ करा, वेग वाढवा' अशी जाहिरात करणारी बूस्टर ॲप्स इथे काही कामाची नाहीत. ब्राउझर जी मेमरी 'माझी' म्हणून धरून बसला आहे, ती बाहेरच्या ॲपला त्याच्या हातातून सोडवता येत नाही. प्रोग्राम बंद झाला की मात्र कर्नल त्याची सगळी मेमरी एका झटक्यात परत घेतो, कुणी काय धरलं होतं हे न विचारता. रिस्टार्टची सगळी करामत एवढीच. त्यामुळे पुष्कळदा पूर्ण कॉम्प्युटर रिस्टार्ट करायचीही गरज नसते. फक्त मॅजिकमिरर रिस्टार्ट केला तरी पुरतं. तो चालू ठेवण्यासाठी अनेक जण पीएमटू वापरतात. त्यात ठरावीक वेळी किंवा ठरावीक मेमरी ओलांडली की रिस्टार्ट, अशा दोन्ही सोयी आहेत. वायफायचा ड्रायव्हर अडकला असेल तर मात्र पूर्ण रिस्टार्टच हवा.

याला कुणी जुगाड म्हणतं तेव्हा मला वाईट वाटतं. १९९५ साली एटी अँड टी बेल लॅब्जमधल्या यनुन हुआंग, चंद्रा किंतला आणि सहकाऱ्यांनी यावर रीतसर शोधनिबंध लिहिला आणि या उपायाला सॉफ्टवेअर रिजुव्हनेशन असं नाव दिलं. अचानक कोसळण्यापेक्षा, गर्दी नसलेल्या वेळी ठरवून थांबणं स्वस्त पडतं का, याचं त्यात गणित आहे.

किती वेळाने थांबायचं हे आकड्यात सांगावं लागतं. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरान इथे अमेरिकेच्या पेट्रियट यंत्रणेला येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मारले गेले. पेट्रियटचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागाने मोजत होतं. एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत संपत नाही, ती २४ बिटांवर तोडलेली होती. प्रत्येक मोजणीला नगण्य चूक, पण शंभर तास सलग चालल्यावर ती ०.३४ सेकंद झाली, आणि तेवढ्यात स्कड अर्धा किलोमीटरहून जास्त पुढे जातं. 'फार वेळ चालू ठेवल्यास' चूक होऊ शकते, अशी सूचना वापरणाऱ्यांना गेली होती. फार म्हणजे किती, हे त्यात नव्हतं. दुरुस्त सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोहोचलं.

आता टायमर प्लग. प्लगने वीज तोडणं आणि रिस्टार्ट करणं ही वेगवेगळी कामं आहेत. लिनक्स कार्डावर लिहायचा मजकूर काही सेकंद, कधी अर्धा मिनिट, मेमरीतच धरून ठेवतं. शिवाय कार्डाच्या आतला कंट्रोलर जागा मोकळी करण्यासाठी जुना मजकूर इकडून तिकडे हलवत असतो. त्या क्षणी वीज गेली, तर ज्या फाइलला कुणी हात लावला नव्हता तीही बिघडू शकते. रोज रात्री हे करणं म्हणजे कार्डाशी खेळ आहे. रात्री पडदा बंद ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, वीज वाचते. पण रात्री आरसा उघडा राहू नये, अमुक दिशेला असू नये, हे मनातून काढून टाका. काच प्रकाश परावर्तित करते, मग दुपार असो वा मध्यरात्र.

वेळापत्रक लावायला लिनक्समध्ये क्रॉन आहे. तो दर मिनिटाला जागा होतो आणि आपली यादी वाचतो. यादीच्या ओळीत पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. रोज पहाटे चारसाठी मिनिटाच्या रकान्यात शून्य, तासाच्या रकान्यात चार आणि पुढे तीन चांदण्या. चांदणी म्हणजे 'कोणतंही'. शून्याच्या जागी चुकून चांदणी पडली, तर चार ते पाच या तासातल्या प्रत्येक मिनिटाला रिस्टार्टचा हुकूम सुटतो. ही ओळ रूटच्या, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या, यादीत घालावी, कारण साध्या वापरकर्त्याच्या क्रॉनला कॉम्प्युटर रिस्टार्ट करायची मुभा नसू शकते. टाइमझोनही तपासा. पाय ब्रिटिश आहे. तो लंडनच्याच वेळेवर राहून गेला, तर पहाटे चारचा रिस्टार्ट हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेनऊला होईल.

आणखी एक गंमत पहाटे वीज जाणाऱ्या घरांत दिसते. २०२३ च्या पाय ५ च्या आधीच्या पायमध्ये वीज नसताना चालणारं घड्याळच नाही. वीज आली की तो आधी जपून ठेवलेल्या जुन्या वेळेपासून सुरुवात करतो आणि इंटरनेट मिळाल्यावर खरी वेळ घेतो. वीज साडेतीनला गेली, पाचला आली, तर पाय काही क्षण सव्वातीन समजून बसतो, मग उडी मारून पाचवर येतो. घड्याळाने तीन तासांपेक्षा लहान उडी पुढे मारली, तर मधल्या वेळेत राहून गेलेली कामं रास्पबेरी पायमधला क्रॉन लगेच उरकतो. म्हणून आरसा चालू होतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत पुन्हा रिस्टार्ट होतो. हा बिघाड नाही, चारचं राहिलेलं काम पाचला झालं.

दुपारी दोनला सगळं गोठलं तर पहाटेचं वेळापत्रक उपयोगाचं नाही. त्यासाठी पायच्या चिपमध्येच वॉचडॉग आहे: साधारण १६ सेकंदांपर्यंतचा उलटा मोजणारा टायमर. ऑपरेटिंग सिस्टीम जिवंत असेपर्यंत तो मागे फिरवत राहते. ती गोठली, टायमर शून्यावर आला की चिप स्वतःच रिस्टार्ट घेते. फक्त ब्राउझर अडकला आणि बाकी सगळं चालू असलं, तर वॉचडॉगला ते कळत नाही.

रोज की आठवड्यातून एकदा, हे ठरवण्यासाठी क्रॉनलाच दर तासाला मोकळ्या मेमरीचा आकडा एका फाइलमध्ये लिहायला लावा आणि आठवडाभर रिस्टार्ट करू नका. पहिल्या दिवशी मेमरी भराभर कमी होईलच, ते कॅशमुळे, म्हणजे वाचलेल्या फाइल्स लिनक्स मेमरीत हाताशी ठेवतं त्यामुळे. म्हणून 'फ्री' ऐवजी 'अव्हेलेबल' हा रकाना पाहा. तो दिवसागणिक सारखाच खाली जात असेल तर गळती आहे, आणि मग एकेक मॉड्यूल काढून तोच प्रयोग पुन्हा केला की कोणतं गळतंय तेही सापडतं.