पाळण्यातले नागरिकत्व

२० जानेवारी २०२५ रोजी दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर काही तासांतच डोनाल्ड ट्रम्प यांनी बऱ्याच आदेशांवर सह्या केल्या. त्यांत १४१६० क्रमांकाचा एक आदेश होता. ३० दिवसांनंतर अमेरिकेत जन्मणाऱ्या ज्या बाळाची आई तिथे बेकायदा राहते आहे, किंवा कायदेशीर असली तरी तात्पुरत्या व्हिसावर आहे, आणि वडील ना अमेरिकी नागरिक आहेत ना ग्रीन कार्डधारक, त्या बाळाला अमेरिकेचे नागरिक मानू नये, असे त्यात म्हटले होते. आपल्याकडे अनेकांनी ही बातमी ‘घुसखोरांची’ बातमी म्हणून वाचली. ‘तात्पुरता व्हिसा’ या दोन शब्दांत एच-वन-बीवर काम करणारे पुण्या-नाशिकचे इंजिनीअर, एफ-वनवर शिकणारे विद्यार्थी आणि त्यांचे जोडीदार असे सगळेच येतात, हे नंतर ध्यानात आले. लेकीच्या बाळंतपणासाठी डिंक-अळीव बॅगेत भरून निघणाऱ्या आयाही मग तारखांचे हिशेब करू लागल्या. मुदतीआधी सिझेरियन करून मिळेल का, अशी विचारणा भारतीय जोडपी तिथल्या डॉक्टरांकडे करत असल्याच्या बातम्या त्याच आठवड्यात आल्या.

ती मुदत १९ फेब्रुवारीला संपत होती. आपल्याला ही तारीख शिवजयंतीची म्हणून पाठ आहे. अमेरिकेतल्या भारतीयांच्या इतिहासात तिला आणखी एक संदर्भ आहे, तो पुढे येईलच. आधी ज्या वाक्यावरून हा वाद आहे ते वाक्य पाहू.

९ जुलै १८६८ रोजी मंजुरी पूर्ण झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीचे पहिलेच वाक्य सांगते, की अमेरिकेत जन्मलेल्या किंवा तिथे रीतसर नागरिकत्व घेतलेल्या, आणि अमेरिकेच्या अधिकारकक्षेत असलेल्या सर्व व्यक्ती अमेरिकेच्या आणि त्या राहतात त्या राज्याच्या नागरिक आहेत. यातले ‘अधिकारकक्षेत असलेल्या’ हे शब्द गेली दीडशे वर्षे पुन्हा पुन्हा ओढून पाहिले गेले आहेत.

वाक्य घटनेत यायला एक निकाल कारण झाला. ६ मार्च १८५७ रोजी ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ठरवले, की आफ्रिकी वंशाचा माणूस, मग तो गुलाम असो वा मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. इंग्लंडच्या जुन्या प्रथेनुसार ज्या देशाच्या भूमीवर जन्म, त्या देशाचा माणूस, हा नियम अमेरिकेत आधीपासून रुळला होता. सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी त्यातून एक अख्खा समाज वंशाच्या नावाने बाहेर काढला. पुढे यादवी युद्ध झाले, गुलामगिरी संपली, आणि विजयी पक्षापुढे प्रश्न उरला तो मुक्त झालेल्या चाळीस लाख माणसांचा. ही माणसे आता कोण? १८६६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून त्यांना नागरिक ठरवले. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तो नाकारला, काँग्रेसने नकाराधिकार मोडून पुन्हा मंजूर केला. पण उद्याची काँग्रेस हा कायदा रद्द करू शकेल, ही भीती होती. म्हणून ही हमी घटनेतच घालायचे ठरले. साध्या बहुमताच्या आणि अध्यक्षांच्या लहरीच्या पलीकडे ठेवण्यासाठीच ते वाक्य तिथे लिहिले गेले, ही गोष्ट आजच्या वादात मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

हे वाक्य फक्त मुक्त गुलामांसाठी होते, परदेशी लोकांच्या मुलांचा विचार तेव्हा कोणी केलाच नव्हता, असा दावा आज केला जातो. ३० मे १८६६ ची सिनेटमधली चर्चा वाचली तर तो टिकत नाही. मिशिगनचे जेकब हॉवर्ड यांनी मसुदा मांडला. पेनसिल्व्हेनियाचे एडगर कोवन उठले आणि त्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला: मग चिनी लोकांच्या मुलांचे काय? जिप्सींच्या मुलांचे काय? उद्या परके लोंढे येऊन कॅलिफोर्निया बुडवतील, अशी त्यांची भीती होती. उत्तर कॅलिफोर्नियाच्याच सिनेटरने दिले. जॉन कॉनेस स्वतः आयर्लंडमध्ये जन्मलेले. होय, चिनी आईबापांची इथे जन्मलेली मुलेही नागरिक असावीत, असे त्यांनी सभागृहात स्पष्ट सांगितले. आक्षेप घेणारा आणि पाठिंबा देणारा, दोघांनाही वाक्याचा अर्थ एकच कळला होता. तो कळूनच मतदान झाले.

आणखी एक गोष्ट या वादात क्वचितच ऐकू येते. तेव्हा ‘बेकायदा स्थलांतरित’ असा वर्ग आजच्या अर्थाने नव्हता हे खरे. पण बेकायदा आणलेली माणसे होती. १ जानेवारी १८०८ पासून गुलाम आयात करायला बंदी होती, तरी चोरटी जहाजे येत राहिली. अलाबामातल्या मोबीलजवळ ‘क्लोटिल्डा’ हे जहाज १८६० मध्ये, युद्धाच्या तोंडावर, शंभरावर आफ्रिकी माणसे घेऊन आले. कायदा मोडून आणलेल्या या माणसांची इथे जन्मलेली मुले चौदाव्या दुरुस्तीने नागरिक झाली. आईबाप देशात कसे आले, याचा दाखला त्या मुलांकडे कोणी मागितला नाही.

कोवन यांची शंका तीस वर्षांनी न्यायालयात पोहोचली. वाँग किम आर्क १८७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत जन्मला. आईबाप चिनी, तो स्वतः खानावळीत स्वयंपाकी. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात यायला बंदी झाली होती आणि चिनी माणसाला नागरिकत्व घेण्याची वाटही बंद होती. १८९४ मध्ये चीनला जाताना त्याने सोबत एक कागद घेतला. हा माणूस इथेच जन्मला आहे, अशी ग्वाही देणाऱ्या गोऱ्या साक्षीदारांच्या सह्या त्यावर होत्या. १८९५ च्या ऑगस्टमध्ये परतल्यावर बंदरावरच्या अधिकाऱ्यांनी त्याला उतरू दिले नाही. जन्मगाव समोर दिसत असताना कित्येक महिने त्याला एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर ठेवण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी व्यापारी संघटनांनी वकील दिले. २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला: तो जन्माने अमेरिकी नागरिक आहे. न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी अपवाद मोजकेच सांगितले. परकीय राजदूतांची मुले, परकीय सरकारी जहाजांवर जन्मलेली मुले, शत्रूसैन्याने व्यापलेल्या प्रदेशातली शत्रूची मुले, आणि स्वतःच्या टोळीच्या सत्तेखाली राहणारे मूळनिवासी. (ज्यांची ती भूमी मुळात होती त्या मूळनिवासींना सरसकट नागरिकत्व मिळायला १९२४ उजाडले.)

निकालानेही वाँगची सुटका झाली नाही. १९०१ मध्ये टेक्ससमधल्या एल पासो इथे त्याला पुन्हा पकडले, देशात बेकायदा राहणारा चिनी म्हणून. ज्याच्या नावाने देशाचा कायदा ठरला, त्याला तीन वर्षांनी आपण कोण हे परत सिद्ध करावे लागले.

आता १९ फेब्रुवारी. १९२३ मध्ये याच दिवशी भगतसिंग थिंड यांचा निकाल लागला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहिलेले हे पंजाबी गृहस्थ. अर्ज करून नागरिकत्व घेण्याचा हक्क तेव्हा फक्त ‘गोऱ्या मुक्त व्यक्तीं’ना आणि १८७० पासून आफ्रिकी वंशाच्या लोकांना होता. थिंड यांच्या वकिलाचे नाव वाचून मराठी माणसाचे डोळे थबकतात: सखाराम गणेश पंडित, लॉस एंजेलिसमध्ये वकिली करणारे. उच्चवर्णीय हिंदू हे आर्य, म्हणजे कॉकेशियन, म्हणजे गोरे, आणि जातीच्या बंधनांमुळे त्यांचे रक्त शुद्ध राहिले आहे, असा युक्तिवाद त्यांच्या बाजूने झाला. तो वाचताना आज मान खाली जाते. त्याच्या जेमतेम सात वर्षे आधी, मे १९१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तरुण आंबेडकरांनी जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला होता. एकाच देशात, एकाच काळात, जातीकडे पाहण्याच्या या दोन टोकाच्या दृष्टी.

न्यायालयाने युक्तिवाद फेटाळला. सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी म्हटले. त्यानंतर सरकार एकेक भारतीयाचे आधीच दिलेले नागरिकत्व काढून घेऊ लागले. खुद्द पंडितांवरही खटला भरला. १९१४ पासून नागरिक आणि पेशाने वकील असलेला हा माणूस स्वतःचा खटला मात्र जिंकला. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि नंतर सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. वैष्णो दास बगाई यांच्या नशिबी ते नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटलेले, १९२१ मध्ये नागरिक झालेले बगाई देशहीन झाले, आणि १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला.

या अंधाऱ्या काळात अर्ज करणाऱ्या भारतीयाला दार बंद होते, पण तिथे जन्मलेल्या त्याच्या मुलाला ते आपोआप उघडे होते. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने नागरिकत्वाला अपात्र असलेल्या परदेशी माणसाला शेतजमीन घेता येत नसे. मग इंपीरियल व्हॅलीतले पंजाबी शेतकरी आणि राज्यभरचे जपानी शेतकरी मुलांच्या नावावर जमीन करू लागले. रांगणारे मूल जमिनीचे मालक आणि बाप त्याचा पालक म्हणून नांगर धरणारा. जन्मसिद्ध नागरिकत्वाचे व्यवहारातले मोल यापेक्षा ठळक मला कुठे दिसलेले नाही. म्हणूनच ते काढून घेण्याचे प्रयत्नही झाले. १९४२ मध्ये, जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडले जात असताना, कॅलिफोर्नियातल्या एका संघटनेच्या पुढाकाराने तिथे जन्मलेल्या जपानी वंशाच्या नागरिकांची नावे मतदारयादीतून काढावीत म्हणून खटला भरला गेला. त्या ज्वरातही न्यायालयांनी वाँग किम आर्कच्या निकालाकडे बोट दाखवून तो फेटाळला.

भारतीयांना अर्जाचा हक्क १९४६ मध्ये मिळाला, तोही वर्षाला १०० जणांच्या प्रवेशाच्या मर्यादेसह. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रनिहाय जुनी वाटणी गेली आणि आपले डॉक्टर-इंजिनीअर जाऊ लागले. १९९० च्या कायद्यातून एच-वन-बी आला. बेकायदा राहणाऱ्यांच्या मुलांना नागरिकत्व देऊ नये, अशी विधेयके याच दशकात येऊ लागली. १९९३ मधले एक तर डेमोक्रॅटिक पक्षाच्या हॅरी रीड यांचे होते. पुढे त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाला त्यातली सुमारे ७ टक्केच, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांत मोजावी लागते. ‘तात्पुरता’ व्हिसा मग पंधरा-वीस वर्षे चालतो. घर, कर्ज, कर, मराठी शाळा, गणपती, सगळे त्यातच. थोरला दोन वर्षांचा असताना भारतातून आलेला असतो, धाकटी तिथे जन्मलेली. २१ पूर्ण होताच थोरल्याचे आईबापांच्या व्हिसावरचे छत्र जाते. धाकटी नागरिक. हा आदेश लागू झाला तर धाकटीही थोरल्याच्या रांगेत जाते, आणि जन्मल्या क्षणी तिच्या हातात कुठलाच अमेरिकी व्हिसा नसतो. भारताचे नागरिकत्व वंशाने मिळू शकते, पण त्यासाठी वर्षभरात वकिलातीत नोंद करावी लागते.

भारताने स्वतः हा नियम सोडला, मग अमेरिकेने का सोडू नये, असे आपल्याकडे हमखास विचारले जाते. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस जन्माने नागरिक होता. त्यानंतर आई किंवा वडील भारतीय असण्याची अट आली आणि डिसेंबर २००४ पासून ती आणखी कडक झाली. ब्रिटनने १९८३ पासून असाच बदल केला, आयर्लंडने २००४ मध्ये जनमत घेऊन. पण हे बदल संसदेने किंवा जनतेने केले. अमेरिकेत हा नियम घटनेत आहे. तो बदलायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी लागते. एका सहीने ते होत नाही, आणि आदेशाला झालेल्या विरोधाचा गाभा हाच आहे.

तो विरोध रस्त्यापेक्षा न्यायालयात जास्त झाला. एकूण २२ राज्ये, शहरे आणि स्थलांतरितांच्या संघटना दोन दिवसांत दावे घेऊन उभ्या राहिल्या. २३ जानेवारीला सिएटलमध्ये न्यायाधीश जॉन कफनॉर यांनी आदेश थांबवला. अध्यक्ष रेगन यांनी नेमलेला, चार दशकांहून अधिक काळ न्यायासनावर बसलेला हा माणूस. आदेश उघडउघड घटनाबाह्य आहे, असे ते म्हणाले. मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या न्यायाधीशांनीही तेच केले. सरकारची बाजू अशी: ‘अधिकारकक्षा’ म्हणजे नुसते कायद्याखाली असणे नव्हे, देशाशी पूर्ण निष्ठा हवी. शिवाय वाँगचे आईबाप तिथे कायमचे स्थायिक होते, तात्पुरत्या व्हिसावरचे पालक तसे नाहीत. ग्रे यांच्या निकालपत्रात स्थायिक असण्याचा उल्लेख आहे, हे खरे. पण अपवादांच्या त्यांच्या यादीत ‘तात्पुरते राहणारे’ कुठेही नाहीत.

२७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी एक वेगळाच मुद्दा निकालात काढला. खालच्या न्यायाधीशांना साऱ्या देशभर लागू होणारी सरसकट मनाई देता येणार नाही, असे ठरले. आदेश घटनेत बसतो की नाही, यावर त्या दिवशी न्यायालय बोललेच नाही. विरोधकांनी दुसरी वाट धरली, सामूहिक दाव्याची, म्हणजे एकाच स्थितीतल्या साऱ्यांचा एक वर्ग धरून त्यांच्या वतीने एकत्र दावा करण्याची. १० जुलैला न्यू हॅम्पशायरचे न्यायाधीश जोसेफ लाप्लांट यांनी ती मान्य करून आदेश पुन्हा थांबवला. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच प्रकरण मूळ प्रश्नासह सुनावणीला घेतले. लाप्लांट यांनी या दाव्याच्या वर्गात आईबापांना धरलेले नाही. त्यात २० फेब्रुवारी २०२५ पासून जन्मलेली आणि अजून जन्मायची असलेली बाळे तेवढी आहेत.