खायचा सोडा की बेकिंग पावडर? नानकटाईत घोळ घालण्याआधी वाचा

मागच्या दिवाळीत मी नानकटाई केली आणि घरात एकानं पण दुसरी उचलली नाही. जरा जास्तच लाल झाली होती, ताटभर पसरली होती, पण ते चाललं असतं, खरा प्रॉब्लेम म्हणजे तोंडात टाकली की साबणाची चव. झालं असं की ऐनवेळी बेकिंग पावडर संपली आणि मी म्हणलं दोन्ही पांढरंच आहे की, काय फरक पडतोय, म्हणून चमच्याला चमचा खायचा सोडा घातला. आत्या, म्हणजे आमच्या सासूबाई, काहीच बोलल्या नाहीत, फक्त डबा उचलून शेजारच्या शेळीकडं गेल्या. शेळीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

तसं आमच्याकडं परभणीत बिस्किटं घरची म्हणजे काय, तर मैदा, तूप, साखर पिशवीत भरायचं, पत्र्याचा डबा घ्यायचा आणि बेकरीत नंबर लावायचा, भट्टीवाला करून देतो. सोडा किती, पावडर किती ही त्याची डोकेदुखी. आता कढईत नाहीतर ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीत, स्वतः करायला लागलो तर ती डोकेदुखी आपल्याकडं आली.

तर सोडा म्हणजे एकटा गडी, सोडियम बायकार्बोनेट. तो अल्कली आहे, त्याला आंबट काहीतरी भेटलं की फसफसतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुगतंय. आंबट म्हणजे दही, ताक, लिंबू, थोड्या प्रमाणात गूळ पण. आंबट नसेल तर तो नुसत्या उष्णतेनं पण गॅस सोडतो, पण मग मागं सोडियम कार्बोनेट उरतंय, आणि माझ्या नानकटाईची साबणाची चव म्हणजे हेच. अल्कली जास्त झाली की बिस्किट लवकर लाल होतं आणि सेट व्हायच्या आधी पसरतं, ते पण म्हणूनच. भज्याच्या नाहीतर ढोकळ्याच्या पिठात सोडा जास्त पडला की लाल ठिपके येतात बघा, ती हळद अल्कलीनं लाल झालेली असते. जिरे-ओव्याची मसाला बिस्किटं हळद घालून करणार असाल तर हे आठवा.

बेकिंग पावडर म्हणजे तोच सोडा, पण लग्न लावून आलेला. त्यात कोरडं ॲसिड आधीच मिसळलेलं असतंय, आणि दोघांनी डब्यातच भांडू नये म्हणून मधी कॉर्नफ्लोर. ओलं झालं की दोघं कामाला लागतात, आणि बाजारात बहुतेक मिळते ती डबल ॲक्शनवाली, म्हणजे थोडा गॅस भिजवताना आणि बाकीचा ताप लागल्यावर. म्हणून वेगळं आंबट लागत नाही. ही यीस्टशिवायची पावडर इंग्लंडात अल्फ्रेड बर्ड नावाच्या माणसानं 1843 मध्ये केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट चालत नव्हतं. बायकोसाठी एवढं करणारा नवरा, जाऊ द्या.

आता मापाचं. सोडा पावडरीपेक्षा साधारण तीन-चार पट कडक आहे. 1 वाटी मैद्याला पावडर अर्धा ते पाऊण चहाचा चमचा, सोडा मात्र चिमूटभर, फार तर पाव चमच्याच्या आत. पावडर थोडी जास्त पडली तर नानकटाईला तडे जातात आणि जरा कोरडी होते, खाता येते. सोडा जास्त पडला तर शेळी. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यांनी साध्या नानकटाईला पावडरच वापरावी असं माझं मत, भलेही भट्टीवाले हसू देत. प्रमाण एकदम सोपं आहे: मैदा 1 वाटी, पिठीसाखर अर्धी, तूप अर्धी वाटी घट्टसर, वितळलेलं नको. तूप-साखर हातानं पांढरं होईस्तोवर फेसा, निम्मा फुलवा तिथंच येतो, खरं सांगायचं तर फेसणं जमलं की पावडर नसली तरी बिस्किट होतंय.

सोड्याची खरी मजा गूळ-कणकेच्या बिस्किटांत. गुळाचा आंबटपणा थोडा, म्हणून वर 1 चमचा आंबट दही घाला, आणि सोडा चिमूटभरच. रंग खमंग येतो. ज्वारीचं पीठ घ्यायचं असेल तर अर्धी कणीक ठेवा, नुसत्या ज्वारीचं बिस्किट उचलताना हातातच भुगा होतंय. आणि सोड्याची गुठळी राहिली तर खाताना पिवळा कडू डाग लागतो, पिठासोबत दोनदा चाळा.

पावडर संपली तर आता काय करते ते सांगते: 1 चमचा पावडरीच्या जागी पाव चमचा सोडा आणि अर्धा चमचा लिंबाचा रस, आणि पीठ लगेच भाजायला टाकायचं, कारण हा गॅस थांबत नाही. इनो पण त्याच जातीचा आहे, सोडा अधिक सायट्रिक ॲसिड, लगेच उसळून शांत होतो, ढोकळ्याला ठीक, बिस्किटाला मी घालत नाही.

किराण्यात नुसतं “सोडा द्या” म्हणू नका, धुण्याचा सोडा पण पुडीतच येतो आणि तो खायचा नसतो. “खायचा सोडा” असं पूर्ण म्हणा.

आणि पुड्या डब्यात ओतल्या, चिठ्ठी लावायची राहिली, आता कळंना कुठलं काय? दोन वाट्यांत साधं पाणी घ्या आणि प्रत्येकात अर्धा चमचा टाका. जे निवळ विरघळलं तो सोडा, जे बारीक फसफसलं आणि पाणी दुधाळ झालं ती पावडर, कारण कॉर्नफ्लोर विरघळत नाही. पावडर जुनी वाटत असेल तर चांगल्या गरम पाण्यात टाकून बघा, जोरात उसळली नाही तर फेकून द्या. मी हल्ली दोन्ही डब्यांवर मार्करनं लिहिलंय, आणि सोड्याच्या डब्यावर आत्यांनी पोरीकडून शेळीचं चित्र काढून घेतलंय.