अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजसाठी सरकारी कर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

अमेरिकेतल्या मराठी घरांतून कम्युनिटी कॉलेजकडे साधारण दोन वाटांनी लोक येतात. एक म्हणजे हायस्कूल संपवून दोन वर्षं घराजवळ कमी फीमध्ये शिकून मग मोठ्या विद्यापीठात जाणारी मुलं. दुसऱ्या म्हणजे लग्न होऊन इथे आलेल्या, एच-४ व्हिसावर बरीच वर्षं घरी बसलेल्या आणि ग्रीन कार्ड हाती आल्यावर नर्सिंग किंवा अकाउंटिंगचा कोर्स करायला निघालेल्या बायका. एडिसनचं मिडलसेक्स कॉलेज असो की क्युपर्टिनोचं डी अँझा, आपली माणसं तिथे दिसतातच. या दोघांनाही केंद्र सरकारचं विद्यार्थी कर्ज मिळू शकतं. मात्र कम्युनिटी कॉलेजात बहुतेक ठिकाणी ते आपोआप देऊ केलं जात नाही. फाफ्सा, म्हणजे केंद्राच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरला की ग्रँटचं (परत न करायच्या मदतीचं) पत्र येतं, त्यात कर्जाचा आकडा नसतो, आणि आपल्याला कर्ज मिळतच नाही असं समजून लोक क्रेडिट कार्डावर फी भरतात. कर्ज वेगळं मागावं लागतं.

त्याआधी एक चौकशी करा. काही कम्युनिटी कॉलेजांनी केंद्राच्या कर्ज योजनेत भागच घेतलेला नाही. तिथे पेल ग्रँट, म्हणजे केंद्राची गरजू विद्यार्थ्यांसाठीची ग्रँट, मिळते, कर्ज नाही. प्रवेश पक्का करण्यापूर्वी फायनान्शियल एड ऑफिसला थेट विचारा: तुम्ही डायरेक्ट लोन (केंद्राचं विद्यार्थी कर्ज) देता का?

कोणाला मिळतं

अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक पात्र आहेत. शरणार्थी आणि आश्रय मिळालेल्यांसारखे आणखी काही गट यात येतात. एच-४, एफ-१ आणि एल-२ वर असलेल्यांना हे कर्ज मिळत नाही. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित आहे आणि कामाचा परवाना आला आहे, एवढ्यावरही मिळत नाही. कार्ड मंजूर व्हावं लागतं. फॉर्म पुढे सरकत नाही म्हणून नागरिक असल्याचा पर्याय निवडू नका. नागरिकत्वाचा खोटा दावा पुढे ग्रीन कार्डाच्या वाटेत कायमचा अडथळा ठरू शकतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल आणि आईवडील अजून एच-१बी व एच-४ वर असतील, तर मूल पूर्ण पात्र आहे. पालकांचा व्हिसा कोणता, याने त्याच्या पात्रतेत फरक पडत नाही. पालकांपैकी कोणाकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी स्टुडंट एड या सरकारी संकेतस्थळावर त्यांना खातं उघडता येतं. विद्यार्थ्याकडे मात्र तो नंबर हवाच.

बाकीच्या अटी अशा. हायस्कूल डिप्लोमा किंवा त्याच्या तोडीचं शिक्षण हवं. आपली बारावी चालते, पण कॉलेज गुणपत्रिकेचं मूल्यांकन मागू शकतं. डिग्री किंवा सर्टिफिकेटच्या मान्य अभ्यासक्रमात नाव दाखल हवं आणि सेमेस्टरला किमान अर्धवेळ, म्हणजे सहसा ६ क्रेडिट, घेतलेले हवेत. त्यातही तुमच्या अभ्यासक्रमाला लागू होणारेच क्रेडिट मोजले जातात. हौसेने घेतलेला कुंभारकामाचा वर्ग त्या सहांत धरला जाणार नाही. शिक्षण सुरू झाल्यावर प्रगती समाधानकारक लागते. बहुतेक कॉलेजं २.० जीपीए (गुणांची सरासरी) आणि घेतलेल्या क्रेडिटपैकी ६७ टक्के पूर्ण, असा निकष लावतात.

भारतात पदवी घेतलेल्यांसाठी

बीकॉम, बीएस्सी, बीई झालेल्या अनेकजणी फॉर्मवर 'पदवी नाही' असं लिहितात, कारण इथे ती पदवी कोणी विचारत नाही असा त्यांचा अनुभव असतो. हे करू नका. परदेशातली पदवीसुद्धा पदवीच धरली जाते. ती असेल तर पेल ग्रँट मिळत नाही, पण सरकारी कर्ज मिळू शकतं. ज्यांना ग्रँट नाही त्यांच्यासाठी हे कर्ज हाच मुख्य आधार असतो, म्हणून ते मागायला संकोच वाटू देऊ नये. त्यासाठी क्रेडिट हिस्टरी तपासत नाहीत, जामीनदारही लागत नाही. नुकतंच ग्रीन कार्ड मिळालेल्या आणि स्वतःच्या नावावर एकही क्रेडिट कार्ड नसलेल्या बाईला खासगी बँक सहसा दारात उभी करत नाही. सरकारी कर्जाचं तसं नाही.

किती आणि कोणत्या प्रकारचं

सबसिडाइज्ड कर्जात तुम्ही किमान अर्धवेळ शिकत असता तोवर व्याज सरकार भरतं. अनसबसिडाइज्डमध्ये पैसे मिळाल्या दिवसापासून व्याज तुमच्या नावावर चढतं. पहिलं गरजेवर ठरतं, दुसऱ्याला उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे 'नवऱ्याचा पगार जास्त आहे, आपल्याला काही मिळणार नाही' हा समज अर्धाच खरा आहे.

आईवडिलांवर अवलंबून धरलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी एकूण ५,५०० डॉलरपर्यंत आणि दुसऱ्या वर्षी ६,५०० डॉलरपर्यंत मिळतात. स्वतंत्र विद्यार्थ्यासाठी या मर्यादा ९,५०० आणि १०,५०० आहेत. सबसिडाइज्ड भाग दोघांसाठी सारखाच: पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ३,५००, दुसऱ्या वर्षी ४,५००. विवाहित व्यक्ती आणि ज्या शैक्षणिक वर्षासाठी मदत मागता त्यातल्या १ जानेवारीपूर्वी (२०२६-२७ साठी १ जानेवारी २०२७ पूर्वी) २४ वर्षं पूर्ण होणारी व्यक्ती स्वतंत्र धरली जाते. वेगळं राहणं किंवा स्वतः कमावणं एवढ्याने कोणी स्वतंत्र ठरत नाही. शिवाय हे पैसे कॉलेजने ठरवलेल्या एकूण खर्चाच्या मर्यादेतच मिळतात.

२०२५-२६ मध्ये दिलेल्या पदवीपूर्व कर्जांचा व्याजदर ६.३९ टक्के आहे. प्रत्येक शैक्षणिक वर्षाच्या नव्या कर्जांचा दर वेगळा ठरतो, पण एकदा घेतलेल्या कर्जाचा दर शेवटपर्यंत तोच राहतो. सुरुवातीला १.०५७ टक्के शुल्क कापलं जातं, म्हणजे ५,५०० डॉलर मंजूर झाले तर सुमारे ५८ डॉलर कमी हातात येतात. १ जुलै २०२६ पासूनच्या नियमानुसार पूर्णवेळापेक्षा कमी क्रेडिट घेणाऱ्यांची वार्षिक मर्यादा त्या प्रमाणात कमी होते. घर सांभाळून दोन विषय घेणाऱ्यांनी हिशेब मांडताना हे धरावं.

माझं मत स्पष्ट आहे. आधी ग्रँट आणि फीमाफी पाहा. कॅलिफोर्नियात पात्र रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची दर युनिट ४६ डॉलरची फी माफ होते. न्यू जर्सीतही कमी उत्पन्नाच्या घरांसाठी कम्युनिटी कॉलेजची फी भरणारी राज्याची योजना आहे. त्यानंतर सबसिडाइज्ड घ्या आणि अनसबसिडाइज्ड फक्त उरलेल्या फीपुरतं. पुढे विद्यापीठात जायचं असेल तर कर्जाची एकूण मर्यादाही आहे, अवलंबून विद्यार्थ्यासाठी ३१,००० डॉलर. इथे वापरलेले तिथे मिळत नाहीत, आणि खरी मोठी फी तिथेच असते.

कागदपत्रं

सोशल सिक्युरिटी कार्ड, ग्रीन कार्ड असेल तर त्यावरचा ए-नंबर, दोन वर्षांपूर्वीचा कर परतावा (२०२६-२७ साठी २०२४ चा), बँक शिल्लक आणि गुंतवणुकीचे तपशील, हायस्कूल किंवा बारावीचं प्रमाणपत्र. राहतं घर मालमत्तेत मोजत नाहीत, पण पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट मोजतात. मालमत्तेचा प्रश्न समोर आला तर कर्ज वजा करून त्याची किंमत डॉलरमध्ये लिहावी लागते. पालकांचं उत्पन्न भारतात असेल तर तेही डॉलरमध्ये बदलून हाताने भरायचं.

नावाकडे विशेष लक्ष द्या. माहेरचं नाव पासपोर्टवर, सासरचं ग्रीन कार्डावर आणि वडिलांचं नाव कुठे मधल्या रकान्यात, कुठे पहिल्या नावाला जोडलेलं, हे आपल्याकडे सर्रास असतं. फॉर्ममध्ये नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे अगदी तसंच लिहा, नाहीतर पडताळणीत अर्ज अडकतो. कार्डावरचंच नाव जुनं असेल तर आधी सोशल सिक्युरिटी कार्यालयात ते बदलून घ्या.

अर्जाचा क्रम

स्टुडंट एड डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर विद्यार्थ्याचं खातं उघडा. अवलंबून मूल असेल तर पालकाचं वेगळं खातं लागतं. विवाहित असाल आणि पतीबरोबर एकत्र कर परतावा भरत असाल तर पतीला वेगळी माहिती भरावी लागत नाही, वेगवेगळा भरत असाल तर लागते. मग फाफ्सा भरा. दर वर्षीचा फॉर्म साधारण १ ऑक्टोबरला खुला होतो आणि तो पूर्णपणे मोफत आहे. 'आम्ही भरून देतो' म्हणत पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. कर खात्याकडून माहिती घ्यायला संमती द्या. संबंधित सगळ्यांची संमती नसेल तर अर्ज पूर्ण धरला जात नाही. कॉलेजचा सहा अक्षरी कोड फॉर्ममध्येच शोधून मिळतो.

काही दिवसांनी कॉलेज पोर्टलवर तुमच्या नावाचं काम दिसू लागेल. ग्रीन कार्डाची प्रत किंवा पडताळणीचे कागद मागितले असतील तर ते आधी द्या. त्यानंतर कॉलेजचा स्वतःचा कर्ज मागणी फॉर्म भरा. अनेकजण नेमके इथेच थांबतात. किती डॉलर आणि कोणत्या सेमेस्टरसाठी, ते त्यात लिहायचं असतं.

पहिल्यांदा कर्ज घेत असाल तर आणखी दोन गोष्टी त्याच सरकारी संकेतस्थळावर कराव्या लागतात. एक एन्ट्रन्स काउन्सेलिंग, म्हणजे कर्जाच्या अटी समजावणारं ऑनलाइन सत्र. ते घाईने क्लिक करत संपवू नका, शक्यतो घरातल्या जाणत्या माणसाबरोबर बसून वाचा. दुसरी मास्टर प्रॉमिसरी नोट, म्हणजे परतफेडीचा करार. त्यात अमेरिकेतल्या वेगवेगळ्या पत्त्यांवर राहणाऱ्या दोन ओळखीच्या व्यक्तींची नावं विचारतात. त्या जामीनदार नसतात, त्यांच्यावर फेडीची जबाबदारी येत नाही. ज्यांची नावं देणार त्यांना हे आधी सांगा म्हणजे गैरसमज होत नाही.

पैसे आधी कॉलेजच्या फीत वळते होतात, उरलेले तुम्हाला मिळतात. पहिल्या वर्षाच्या नव्या कर्जदाराला काही कॉलेजांत सेमेस्टर सुरू झाल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, तेव्हा पुस्तकांची सोय वेगळी करून ठेवा. जास्त घेतलं असं वाटलं तर १२० दिवसांच्या आत परत केलेल्या रकमेवर व्याज आणि शुल्क लागत नाही. सेमेस्टरच्या ६० टक्के काळाआधी सगळे विषय सोडले तर काही मदत परत करावी लागते आणि कॉलेजची थकबाकी अंगावर येऊ शकते, म्हणून विषय सोडण्याआधी एड ऑफिसमध्ये बोला. शिक्षण संपल्यावर किंवा अर्धवेळाच्या खाली आल्यावर सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात. मधल्या काळात घर किंवा फोन नंबर बदलला तर कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीला कळवा. बिल जुन्या पत्त्यावर गेलं तरी हप्त्याची तारीख बदलत नाही.