मोटारीचे इंजिन ऑइल बदलणे (कोकण किनारपट्टी)

इंजिनातील वापरलेले ऑइल काढून, ऑइल फिल्टरसह नवे भरण्याचे ठरावीक मुदतीचे काम. मुदत किलोमीटर आणि महिने अशी दुहेरी असते. जी आधी भरेल ती धरायची. आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किमी किंवा एक वर्ष, आणि खडतर वापराला त्याच्या साधारण निम्मी मुदत दिलेली असते. नेमका आकडा, ग्रेड आणि मापही गाडीच्या पुस्तिकेतच पाहावे. कोकणात किलोमीटरच्या आधी बहुधा महिने भरतात, आणि ‘गाडी फिरलीच कुठे?’ म्हणून ऑइल तसेच राहते.

वाडीतून बाजारात आणि परत, अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल पुरेसे तापत नाही. इंधन जळताना झालेली वाफ आणि पिस्टनच्या कडेने उतरलेले पेट्रोल चेंबरातच (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातच) राहते, आम्लता वाढते, बेअरिंगे झिजतात. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट थर दिसतो तो याचाच. थर झाकणापुरताच असेल तर महामार्गावर अर्धा तास सलग चालवल्यावर तो बहुधा जातो. डिपस्टिकवरचे (पातळी मोजायच्या पट्टीवरचे) ऑइलही दुधाळ असेल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचे सील) तपासावे. चाकरमान्यांची, गणपती-शिमग्यालाच निघणारी गाडीही वर्षाच्या मुदतीतून सुटत नाही. कुंभार्ली, आंबा, आंबोली हे घाट भरल्या गाडीने वारंवार चढणाऱ्यांनी खडतर वापराची मुदत धरावी.

वर्षातून एकदाच बदलायचे असेल तर पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात बदलणे बरे. चार महिन्यांचा ओलावा जुन्या ऑइलबरोबर निघून जातो.

इंजिन कोमट असताना, सपाट जागी गाडी जॅकने उचलून, लोखंडी स्टँडवर टेकवून चेंबरचा नट काढतात. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नये. खाऱ्या हवेने पत्र्याचा चेंबर आणि नट गंजतात. जोर लावला की नटाची कड गोल होते, म्हणून सहा पैलूंचाच पाना घ्यावा. वॉशर दर वेळी नवा. फिल्टरच्या रबराला ऑइल लावून तो हाताने बसवतात; रबर टेकल्यावर साधारण पाऊण फेरा पुरतो. लहान पेट्रोल इंजिनाला सुमारे तीन ते साडेतीन लिटर, मोठ्या डिझेलला पाच-सहा लिटर लागते. भरून, मिनिटभर इंजिन चालवून, पाच-दहा मिनिटांनी पातळी पाहावी. उतरत्या खळ्यात ती चुकीची दिसते. जास्त भरल्यास क्रँक (इंजिनातला फिरता दांडा) ऑइलला घुसळतो आणि फेस होतो.

रंगावरून मुदत ठरवता येत नाही: डिझेलमध्ये नवे ऑइल लगेच काळे पडते, सीएनजीत जुनेही स्वच्छ दिसते. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेलला कमी राखेचे ऑइलच लागते. छोट्या फेऱ्यांनी डीपीएफमधली काजळी जाळण्याची सफाई अर्धवट राहिली तर डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसल्यास मुदत न पाहता बदलावे.

चिपळूणला जुलै २०२१ मध्ये आला तसा पूर येऊन गाडी बुडाली, तर चावी फिरवू नये. नट सैल करताच आधी पाणी येते, मग ऑइल. सिलिंडर, हवेची वाट आणि वायरिंग तपासून, नवे ऑइल-फिल्टर घालून इंजिन थोडे चालवतात आणि ते ऑइलही लगेच काढून टाकतात.

वाळवीसाठी वाशांना, कुंपणाच्या खांबांना जळके ऑइल फासतात. पावसात ते विहिरीत, व्हाळात उतरते. कायद्याने तो घातक कचरा आहे. बंद कॅनमधून, अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे माल पाठवणाऱ्या गॅरेजला द्यावा.